ती ‘तबकडी’ रॉकेटच होती

२२ डिसेंबर २०१७. दिवस मावळून अर्धा तास झाला असेल, तोच लॉस एंजेलिसच्या आकाशात निळसर-पांढरा प्रकाश फुलत गेला. लोकांनी रस्त्यात गाड्या थांबवून मोबाइल काढले. परग्रहवासी आले, कुणी क्षेपणास्त्र डागलं, अशा वावड्या उठल्या. शेवटी शहराच्या अग्निशमन दलाला खुलासा करावा लागला, की हे व्हॅन्डेनबर्ग तळावरून उडालेलं रॉकेट आहे. इरिडियम कंपनीचे १० उपग्रह नेणारं फाल्कन ९.

क्षेपणास्त्राची शंका मात्र अगदीच वेडगळ नव्हती. नोव्हेंबर २०१५मध्ये याच भागातून दिसलेला असा प्रकाश खरोखरच अमेरिकी पाणबुडीतून सोडलेल्या ट्रायडंट क्षेपणास्त्राच्या चाचणीचा होता!

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे तो झगमगाट रॉकेटच्या आगीचा असतो. आग असते, पण ती एका ठिपक्याएवढी. बाकीचा सगळा प्रकाश सूर्याचा. जमिनीवर अंधारलं, तरी चाळीसेक किलोमीटरच्या वर अजून लख्ख ऊन असतं. फाल्कनमध्ये केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जळतात. त्यातून वाफ आणि काजळी बाहेर पडते. खाली हवेचा दाब हा झोत आवळून धरतो. वर हवा इतकी विरळ, की तोच झोत कित्येक किलोमीटर फाकतो, वाफेचे हिमकण होतात आणि त्यांच्यावर ऊन पडतं. म्हणून हा देखावा सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी तासाभरातच जमतो. मध्यरात्रीच्या उड्डाणात नुसता चढत जाणारा ठिपका दिसतो.

मग दोन ठिपके दिसले, की ‘फुटलं रॉकेट!’ असा गिल्ला होतो. उड्डाणानंतर अडीचेक मिनिटांनी पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे सुटतो आणि दुसऱ्याचं इंजिन पेटतं, इतकंच. रॉकेट आडवं होतंय म्हणजे कोसळतंय, हेही खरं नाही. कक्षेत टिकायला उंचीपेक्षा वेग महत्त्वाचा, सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर, आणि तो आडवाच लागतो.

आपल्याकडे मात्र उलटा घोळ होतो. २ एप्रिल २०२२ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने सरकताना दिसले. ते उड्डाण नव्हतं. वर्षभरापूर्वी सोडलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळत होता, असं अभ्यासकांनी ओळखलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचं भलंमोठं कडंच पडलं.