मागच्या सीटवरची शेठाणी

खंडेनवमीला आमच्या आजऱ्यात सकाळपासून गल्लोगल्ली नळाला पाईप लागलेले असतात. कुणी ट्रॅक्टर धुतंय, कुणी मोटारसायकल, कुणी वडापची जीप. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ. त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडचं दार उघडतं आणि आतून एक पांढरी गाडी हळूच बाहेर येते. मर्सिडीज! १९९६ सालची. पोरंटोरं गोळा होतात, आणि काकी पदर खोचून तिला ओवाळायला पुढं येतात.

"आजऱ्यात मर्सिडीज?" असं नवख्या पाहुण्यानं विचारलं की आम्हा गल्लीतल्या बायकांना उगीचच अभिमान वाटतो. जणू ती आमच्या सगळ्यांचीच!

माझं माहेर कोल्हापूर शहरातलं. त्यामुळं जर्मन गाडीची आणि माझी ओळख मर्सिडीजच्या आधीची, दसऱ्याची. लहानपणी वडील आम्हा भावंडांना दसरा चौकात घेऊन जायचे. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या यायच्या, शमीपूजन व्हायचं आणि मग सोनं लुटायची एकच झुंबड. पण माझे डोळे असायचे ते छत्रपतींच्या घराण्याच्या त्या लांबलचक भगव्या गाडीवर. मेबॅक! राजाराम महाराजांनी १९३६च्या सुमाराला जर्मनीहून मागवलेली ही मोटार. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांचा कारखाना आधी झेपेलिन विमानांची, म्हणजे त्या अवाढव्य हवाई जहाजांची इंजिनं बनवायचा. पुढं १९२१पासून ते मोटारी करू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते काम थांबेपर्यंत सगळ्या मिळून जेमतेम अठराशे गाड्या झाल्या असतील. त्यातली एक आपल्या कोल्हापुरात, अजून दसऱ्याला चालते! "बघ, राजाची गाडी," वडील म्हणायचे. गाडी म्हणजे राजाची, नाहीतर शेठची. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायची. असंच डोक्यात पक्कं बसलं होतं.

लग्न होऊन आजऱ्याला आले आणि काही वर्षांनी, २००८मध्ये, काकांनी ही समजूत मोडली.

काका मुंबईत एका व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं एकाच घरी. आजरा-चंदगडकडच्या कितीतरी घरांतले पुरुष असेच मुंबईला, आणि बायका इकडं शेत, सासूसासरे आणि मनिऑर्डर सांभाळत. काकीही त्यांतल्याच. शेठनी १९९६ला ही गाडी घेतली तेव्हा ती शोरूममधून काकांनीच चालवत आणली होती. अकरा-बारा वर्षांनी शेठनी नवी घेतली आणि जुनी विकायला काढली. काकांचा निवृत्तीचा हिशेब व्हायचाच होता. ते म्हणाले, "शेठ, त्यातनं कापून घ्या, पण गाडी मला द्या."

काकी आजही सांगतात, "माझ्या डोळ्याला पाणी आलं बघ. म्हटलं, घराला गिलावा न्हाई, आणि ह्या बाबानं मोटार आणली!"

पण गाडी होती देखणी. मर्सिडीजच्या ज्या मॉडेलला जाणकार 'डब्ल्यू १२४' म्हणतात, ते हे. परदेशात १९८४च्या शेवटी आलं. आपल्याकडं १९९४मध्ये मर्सिडीजची कंपनी टेल्कोच्या भागीदारीत उभी राहिली आणि १९९५पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात ह्याच मॉडेलची जुळणी सुरू झाली. म्हणजे जात जर्मन असली तरी आमची गाडी पुण्याची! तसं आजऱ्यातल्या जुन्या माणसांना मर्सिडीज हे नाव आधीपासून माहीत होतं, ते ट्रकमुळं. टाटांनी १९५४मध्ये जर्मन कंपनीशी करार केला आणि पंधरा वर्षं टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर धावले. माझे सासरे ती चांदणी बघून म्हणाले होते, "अरे, ही तर आपल्या ट्रकवरची!"

काका गाडीचं कौतुक सांगायला लागले की तास कसा जायचा कळायचं नाही. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. किल्ली फिरवली की लगेच सुरू करायची नाही, आधी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझू द्यायचा. "तिला घटकाभर दम खाऊ द्यायचा," ते म्हणायचे. हँडब्रेक हाताचा नाहीच, पायानं दाबायचा. आणि काचेवर वायपर एकच! पण तो फिरता फिरता मध्येच लांब होतो, आखूड होतो आणि काचेचे कोपरेसुद्धा पुसून काढतो. आंबोलीच्या घाटात, पावसाळ्यात, तो वायपर बघायला आम्ही हौसेनं गाडीत बसायचो. आणि दाराचा आवाज! आपटायचं नाही, नुसतं ढकललं की 'ठप्प'. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा लागावा तसं.

गल्लीतल्या अडल्यानडल्याला ती गाडी धावली. दोन बाळंतिणी तिच्यातून गडहिंग्लजच्या दवाखान्यात गेल्या. नवरदेव तर किती बसले, मोजदाद नाही. काकांनी कधी भाडं घेतलं नाही. फक्त डिझेल टाका म्हणायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. काका-काकी दोघंच कुठं निघाले तरी काकी मागं बसायच्या. डावीकडच्या कोपऱ्यात. काकांचा हट्टच तसा. "शेठाणी तिथंच बसायच्या. आता तू माझी शेठाणी!" असं म्हणून ते स्वतः उतरून दार उघडायचे, आम्ही बायका खिडकीतून बघून हसायचो. किती प्रेमळ नवरा, असंच वाटायचं. प्रेमळ होतेच ते. पण एकदा काकी सहज बोलून गेल्या, "पंचवीस वर्षं हे मुंबईत, मी हितं. आता एका गाडीत बसतोय, तरी मला ह्यांची मानच दिसती, तोंड दिसत न्हाई."

मी हसले नाही. काय बोलावं तेच सुचेना.

काका गेले २०१९च्या सुरुवातीला. झोपेतच. तेराव्याचं जेवण उरकलं आणि माणसं पांगायच्या आधीच धाकट्या दिरांनी विषय काढला. "वहिनी, गाडीला गिऱ्हाईक हाय. तुमाला काय करायची? चालवणार कोण? आरसी बुक आणि किल्ली द्या." काकींनी आरसी बुक दिलं. किल्ली मात्र "सापडंना" म्हणाल्या.

तीन दिवसांनी त्या माझ्याकडं आल्या. बचत गटाच्या कामामुळं माझ्याकडं बायका असे विषय घेऊन येतात. बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "किल्ली घनसाळच्या डब्यात हाय. खोटं बोलले मी. पाप लागंल का गं?"

मैत्रिणींनो, आपल्याकडं कितीतरी बायकांचं सगळं राज्य हे त्या तांदळाच्या डब्याएवढंच असतं. राहतं घर सासऱ्यांच्या नावावर, शेताच्या सातबाऱ्यावर दिरांची नावं, बँकेचं पुस्तक नवऱ्याचं. काकींचंही तेच. मी त्यांना विचारलं, "गाडी काकांच्या नावावर होती ना? मग दिरांचा काय संबंध?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. कारण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मिळकतीवर पहिला हक्क बायकोचा, मुलामुलींचा आणि आईचा. हे असताना भावांना वाटा येत नाही. काकींची सासू हयात नव्हती आणि लेक एकच, गडहिंग्लजला दिलेली. म्हणजे वारस दोघीच, मायलेकी. गाडीचं म्हणाल तर मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, विमा आणि पीयूसी जोडायची. विम्यावरचं नावही बदलायचं. हे राहिलं तर अपघाताच्या वेळी विम्याचं भांडण उभं राहतं.

आधी आरसी बुक परत आणायचं होतं. भांडायला नको, असं काकींचं म्हणणं. म्हणून आम्ही गटातल्या सहा जणी दिरांकडं चहाला गेलो. चहा झाला, बिस्किटं झाली, भाताच्या भावावर बोलून झालं. तरी कुणी उठेना. शेवटी त्यांनीच कपाट उघडलं.

कोल्हापूरला दोन खेपा झाल्या. नव्या आरसीवर स्वतःचं नाव बघून काकी कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बासष्ट वर्षांत माझ्या नावावर पयल्यांदा काय आलं, तर मर्सिडीज!" आणि असं हसल्या, की काका गेल्यानंतरचं ते पहिलं हसू.

पण दिरांचा दुसरा प्रश्न होताच. चालवणार कोण?

त्या महिन्याच्या बैठकीत मी बायकांना एक गोष्ट सांगितली. बर्टा बेंझची. तिचा नवरा कार्ल बेंझ, मोटारगाडीचा जनक म्हणून जग त्याला ओळखतं. त्याला पेटंट मिळालं १८८६मध्ये. पण त्याआधी त्याचा कारखाना बुडायला आला तेव्हा बर्टानं लग्नाआधीच आपल्या हुंड्याचा पैसा त्यात घातला होता. गाडी तयार झाली, तरी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता ही बाई दोन पोरांना घेऊन गाडी काढून निघाली, मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला. शंभर किलोमीटरच्या वर! आपल्या आजरा-कोल्हापूरपेक्षा जास्तच. पेट्रोल पंप नव्हते, तर औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली! गंमत म्हणजे 'मर्सिडीज' हे नावही एका मुलीचंच. गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याची ती लेक. १९०१मध्ये गाडीला तिचं नाव मिळालं. पुढं १९२६मध्ये दोन कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ जन्माला आली.

काकींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नाव बाईचं, पैसा बाईचा, पयली लांबची फेरी बाईची. आणि बाई मागच्या सीटवर व्हय?"

काकींना या वयात शिकायचं नव्हतं. गुडघे दुखतात. शिकली ती लेक. जावई आधी कुरकुरले, मग शेजारी बसून तेच सूचना देऊ लागले! गडहिंग्लजच्या मोकळ्या माळावर महिनाभर सराव झाला आणि २०२०मध्ये तिला लायसन मिळालं.

सगळं सोपं झालं असं मी सांगणार नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. काकींनी २०२१ला ते केलं. १ एप्रिल २०२२पासून ती फी सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली, आणि पुढंही वाढत राहिली. सुटे भाग महाग. एका दिव्याची किंमत ऐकून काकी म्हणाल्या, "तेवढ्यात दुभती म्हस येती!" दिरांचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं, हेही मी मानते. अजून पाच वर्षांनी ती परवडेल का, काकींनाही माहीत नाही. "परवडंना झाली तर मी इकीन. पण मी इकीन," असं त्या म्हणतात. त्या 'मी'वर जो जोर असतो ना, तो ऐकण्यासारखा आहे.

आता तर गाडीच्या आरसीवर मालकाला वारस, म्हणजे नॉमिनी, नोंदवून ठेवायची सोय २०२१पासून झाली आहे. काकींनी लेकीचं नाव घातलं. तुमच्या घरात स्कूटर असेल, टेम्पो असेल, कपाटातून तेवढं कागदपत्र एकदा काढून वाचा. नाव कुणाचं, नॉमिनी कोण. नवरा हयात असताना विचारणं अशुभ नसतं हो, नंतर शोधत बसणं वाईट.

लायसन मिळाल्यावर लेक पहिल्यांदा आईला न्यायला आली तेव्हा मी दारातच होते. काकी सवयीनं मागच्या दाराकडं वळल्या. लेक म्हणाली, "आई, पुढं." त्या थबकल्या. मग पुढचं दार उघडून बसल्या, पदर सावरला आणि ते दार लावलं. ठप्प.

गेल्या दसऱ्याला मायलेकी मेबॅक बघायला कोल्हापूरला निघाल्या. मी सोनं द्यायला गेले तर मागच्या सीटवर, डावीकडच्या कोपऱ्यात, काकांचा फोटो ठेवलेला. हार घालून.

"हे काय हो काकी?"

"बसू देत की," त्या म्हणाल्या. "लई वर्षं गाडी चालवली. आता शेठ झाल्यात."