चेन म्हणा, झिप म्हणा!

मैत्रिणींनो, "पर्सची चेन बिघडली" असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र हिला म्हणतात झिप. का बरं? डोळे मिटून ती एकदा सरकन ओढून पाहा. उत्तर कानावर येईल!

'झिप' हा मुळात एक आवाजच. एकोणिसाव्या शतकात, बंदुकीची गोळी कानाजवळून सूंकन गेली किंवा कापड टरकन फाटलं, की त्या आवाजाला इंग्रजीत 'झिप' म्हणू लागले. पुढे झटपटपणा, चपळाई हेही अर्थ त्याला चिकटले.

ही वस्तू आली ती मात्र भलत्याच नावाने. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये बुटांसाठी 'क्लॅस्प लॉकर'चं पेटंट घेतलं. पण ती बया मध्येच उघडायची! मग स्वीडनमध्ये जन्मलेले इंजिनिअर गिडियन सुंडबॅक यांनी तिचे दात बारीक आणि जवळजवळ बसवले. १९१७ साली त्यांनाही पेटंट मिळालं, 'सेपरेबल फासनर' या नावाने. आता दुकानात जाऊन असलं जड नाव कोण घेणार? १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना 'झिपर' म्हटलं आणि बुटांचं नाव त्यांच्या चेनलाच पडलं, ते कायमचं!

एवढ्यावर भागलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने 'झिप कोड' आणला, आपल्या पिनकोडासारखा. ती तीन शब्दांची आद्याक्षरं खरी. पण पत्र झटकन पोचेल, हेही त्यातून सुचवायचं होतं. १९८९ पासून कॉम्प्युटरवर 'झिप फाइल'ही आली.

आपली मराठी तरी कुठे मागे आहे? मोटारसायकलची फटफटी आपणच केली, बाळाच्या हातातला खुळखुळाही आवाजावरूनच. म्हणून सांगते, घरातलं लहानगं कुत्र्याला 'भूभू' म्हणालं, तर "डॉग म्हण" असं दटावू नका. भाषा अशीच कानातून ओठांवर येते. इंजिनिअरांनी दिलेली नावं विसरली गेली, आवाजाचं नाव टिकलं!

आणि हो, चेन 'झिप' न म्हणता करकरू लागली, तर दातांवर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा आणि रनर दोन-चारदा हलक्या हाताने वरखाली करा. कपडे धुवायला टाकताना चेन लावूनच टाका. पुन्हा 'झिप' ऐकू येईल!