प्रथिनांची ओळख आणि लसीचे संरक्षण

‘लस घेतल्यावर बाळाला ताप आला, मग लसीचा उपयोग काय?’ हा प्रश्न रुग्णांचे आप्तेष्ट अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर प्रथिनांच्या कार्यात दडलेले आहे.

डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांचे पचनात अमिनो आम्लांमध्ये विघटन होते. या २० प्रकारच्या अमिनो आम्लांची निरनिराळ्या क्रमाने गुंफण करून आपल्या पेशी स्वतःची प्रथिने घडवितात. हा क्रम जनुके ठरवितात. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखरेचे नियमन करणारे इन्शुलिन आणि रोगजंतूंना रोखणारी प्रतिपिंडे ही सारी प्रथिनेच होत.

नवा जंतू शरीरात शिरल्यास त्याला नेमकी जुळणारी प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत आजार बळावू शकतो. लस ही ओळख आधीच करून देते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोव्हिशील्डमधून कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे जनुक पेशींत पोहोचत असे. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू असे. दोहोंचा हेतू एकच : शरीरात त्या जंतूची स्मृती राखणाऱ्या पेशी निर्माण करणे. लसीनंतरचा सौम्य ताप हे बहुधा या पूर्वतयारीचे लक्षण असते. पुढील मात्रा ही स्मृती दृढ करते, म्हणून ती चुकवू नये.

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण येथे बोलके आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लसींचा तुटवडा होता. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी घरोघरी तपासणी, तत्काळ चाचणी आणि बाधितांचे विलगीकरण यांद्वारे संसर्गाची साखळी तोडली. मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले. तथापि, विलगीकरणाने जंतू दूर राहतो; शरीराला त्याची ओळख होत नाही. ते काम लसीचे. पावसापूर्वी बांध घालून पाणी जिरविणाऱ्या या गावाला पूर्वतयारीचे मोल वेगळे सांगावयास नको.

बांधाने अडविलेले पाणी शेजारच्या विहिरीलाही लाभते, तसेच लसीचे संरक्षणही शेजाऱ्याला लाभते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसल्यास, १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. म्हणून त्याची साथ रोखण्यास सुमारे ९५ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीचे तान्हे बाळ, तसेच कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण हे इतरांच्या लसीकरणावरच विसंबून असतात.

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपाव्या लागतात. अविरत वीज, शीतपेटी व प्रशिक्षित परिचारिका यांवर होणारा खर्च रुग्णशय्येप्रमाणे दृष्टीस पडत नाही; त्याचे फळ म्हणजे न झालेला आजार. देणगीदारांनी या खर्चास हातभार लावावा आणि पालकांनी लसीकरणाचे कार्ड जपून प्रत्येक मात्रा वेळेवर द्यावी, ही नम्र विनंती.