बातमीतली जात कोण लपवतो?

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. शाल, श्रीफळ, पुढाऱ्याचे भाषण आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार. १८३२ साली निघालेल्या 'दर्पण'चा मान आम्हांला मान्यच आहे. पण त्या व्यासपीठावरून पत्रकारितेच्या नीतीवर प्रवचने झोडणाऱ्यांच्या तोंडी 'मूकनायक'चे नाव क्वचितच येते. ३१ जानेवारी आमच्या वस्त्यांपुरतीच राहते. म्हणून नीतीची गोष्ट आम्ही 'मूकनायक'पासूनच सुरू करतो.

१९२० साली पैसे मोजायची तयारी असूनही 'मूकनायक'ची साधी जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रस्थापित वृत्तपत्रांनी नेमके उलटे केले. पैसे घेतले आणि जाहिरातच बातमी म्हणून छापली! एका बड्या नेत्यावरचा शब्दन्‌शब्द सारखा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत आला, हे पी. साईनाथ यांनी उघड केले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने २०१० मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल दिला, तर कौन्सिलने तो बाजूला सारून आटोपशीर अहवाल काढला. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. नियम करणाऱ्यांच्या घरची ही तऱ्हा. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात पत्रकारितेची तुलना साबणाच्या धंद्याशी केली होती, ती उगीच नव्हे.

तरी नियम आहेत, आणि ते वाचले पाहिजेत. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत एक कलम असे आहे की, गुन्ह्याशी संबंध नसेल तर आरोपीची वा पीडिताची जात छापू नये. नियम चांगला आहे. जातीवरून बदनामी होऊ नये म्हणून तो केला. पण आमच्या जिल्ह्यात तो वापरला कसा जातो?

बौद्ध तरुणाला मंदिरापुढून वरात नेली म्हणून मारले, की बातमी येते : 'दोन गटांत हाणामारी.' मातंग वस्तीवर बहिष्कार पडला, की 'किरकोळ वादातून तणाव.' जात गाळली, म्हणजे नियम पाळला! अहो, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असणे आणि आरोपी तसा नसणे, यावरच गुन्हा उभा राहतो. तिथे जात हा बातमीचा तपशील नव्हे, तीच बातमी आहे. ती गाळणे म्हणजे तटस्थपणा नव्हे, आरोपीची वकिली आहे. आणि हाच बातमीदार शिष्यवृत्तीतला घोटाळा लिहितो तेव्हा जात मथळ्यात कशी येते, हेही आम्ही पाहत आलो आहोत.

खैरलांजीचे उदाहरण विसरता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला छापून आले ते अनैतिक संबंधाचे कुजबुजीतले कारण. पुढचे कित्येक दिवस मोठी वृत्तपत्रे गप्प. नोव्हेंबरच्या अखेरीस उल्हासनगरला डेक्कन क्वीनचे डबे जळाले, तेव्हा मात्र छायाचित्रे पहिल्या पानावर! चार माणसांपेक्षा गाडीचे डबे महाग ठरले.

पण सगळा दोष तालुक्याच्या बातमीदारावर टाकणे सोपे आहे, आम्ही तो टाकत नाही. बहुतेकांना पगार नसतो. मानधन जेमतेम, बाकी जाहिरातीवरचे कमिशन. ही जाहिरात कोणाची? कारखान्याच्या संचालकाची, पतसंस्थेच्या चेअरमनची, सरपंचाच्या वाढदिवसाची. ज्याच्या जाहिरातीवर घर चालते त्याच्या पुतण्याविरुद्ध ॲट्रॉसिटीची बातमी त्याने कुठल्या बळावर द्यायची? नीतीचा उपदेश देणाऱ्या मालकाने आधी त्याचा पगार द्यावा.

आणि आम्ही तरी? १४ एप्रिलच्या पुरवणीत पुढाऱ्यांचे हसरे फोटो चार-चार पाने खातात आणि एखाद्या वस्तीतल्या बहिष्काराची बातमी तीन ओळींत बसते. हे आमच्या हातूनही झाले आहे, ते लपवून दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. फोनवर ऐकलेले पडताळून न पाहता छापले आणि दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला, असेही घडले. चुकीचा तपशील आमच्या पत्रात आला की त्याचा उपयोग आरोपीचा वकील करतो. आमच्या चुकीची किंमत पीडित मोजतो, म्हणून आम्हांला इतरांपेक्षा जास्त काटेकोर राहावे लागेल.

सोलापूरला याची परंपरा आहे. ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह इथे सुरू झाले. जीवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. ज्यांच्या आईबापांना अक्षर ओळखू येत नव्हते त्यांची ही मुले. बाबासाहेब त्या काळात स्वतःच्या पत्रासाठी पैसा उभा करताना मेटाकुटीला येत होते, पुढे 'बहिष्कृत भारत'चे स्तंभच्या स्तंभ त्यांनी एकट्याने लिहिले. पैसा नव्हता, पण विकला न जाणारा शब्द होता.

वाचकांनीही काही करायचे आहे. 'दोन गट' असे छापून आले, तर कात्रण ठेवा आणि आधी संपादकाला लेखी पत्र पाठवा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाबाबत ती मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे मारते. पण ताशेऱ्याची नोंद राहते. दूरचित्रवाणीवर तिचा अधिकार नाही, हेही ध्यानात ठेवा.

आमच्या बातमीदारांना आम्ही एवढेच सांगितले आहे. अत्याचाराची बातमी देताना तीन गोष्टी ठाण्यात विचारा. कायद्याचे कोणते कलम लावले? तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का? पीडितांना मदत मिळाली का? आणि डायरीत साठावा दिवस लिहून ठेवा. नियमाप्रमाणे साठ दिवसांत आरोपपत्र दाखल व्हायला हवे. एकसष्टाव्या दिवशी ठाण्यात फोन करा आणि जे उत्तर मिळेल ते, अधिकाऱ्याचे पद लिहून, जसेच्या तसे आमच्याकडे पाठवा.