सुई आणि तबकडी (भाग ९) : बांध फुटल्याचं गाणं

लेड झेपेलिनची चौथी तबकडी हातात आली की बहुतेक जण पहिल्या बाजूचं शेवटचं, ते जगभर गाजलेलं गाणं ऐकतात आणि तबकडी पाकिटात सरकवतात. मी ती उलटतो. नोव्हेंबर १९७१मध्ये आलेल्या या तबकडीचं खरं बळ दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या सात मिनिटांच्या गाण्यात. हे माझं ठाम मत आहे आणि ते पवनानगरात राहून झालेलं आहे.

आमच्या गावाला जुनी माणसं अजून काळे कॉलनीच म्हणतात. धरणाची भिंत गावाला लागूनच. जुलैचा पाऊस लागला की चहाच्या टपरीवर एकच विषय: धरण किती टक्के भरलं, पाणी कधी सोडणार? भर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं. वर्षातले कितीतरी महिने ते पाण्याखाली असतं. त्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, त्यांच्या घरात पुनर्वसनाचा विषय आजही निघतो. त्यामुळे बांध, पाणी आणि घर सोडावं लागणं यांवरचं गाणं इथे परकं वाटत नाही.

लेव्ही म्हणजे नदीच्या काठाकाठाने घातलेला मातीचा उंच बांध. तो धरणासारखा पाणी अडवून ठेवत नाही, नदीला शेतात शिरू देत नाही, एवढंच. १९२७च्या वसंतात मिसिसिपी नदीला असा पूर आला की हे बांध जागोजागी फुटले. २१ एप्रिलला माउंड्स लँडिंगचा बांध गेला. सगळ्या पूरपट्ट्यात मिळून सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो काळे मजूर उरलेल्या बांधाच्या माथ्यावरच अडकून पडले. त्यांना तिथून हलू दिलं नाही. दुसऱ्यांच्या कापसाच्या मळ्यांत राबणारे हातच निघून गेले तर पुढे मळे कसणार कोण, ही मळेवाल्यांची चिंता. बंदुकीच्या धाकावर या मजुरांकडून पोती वाहून घेतली.

मराठी वाचकाला इथे पानशेत आठवेल. १२ जुलै १९६१. धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते तोलून धरायचा प्रयत्न केला. सकाळी ते फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पुण्यातल्या जुन्या घरांमधून आजही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ अशी कालगणना ऐकू येते.

मिसिसिपीच्या पुरानंतर दोन वर्षांनी, जून १९२९मध्ये, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या नवराबायकोंनी त्या पुरावरचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे मूळ गाणं ध्वनिमुद्रित केलं. दोन गिटार आणि एक गळा, बाकी काही नाही. गायलाय जो, मिनीची गिटार त्याच्या प्रत्येक ओळीमागून बोलत जाते. मागच्या भागात ब्लूजची बांधणी पाहिली होती: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर. ती इथे अगदी स्वच्छ दिसते. पहिल्यांदा ऐकताना मी बुचकळ्यात पडलो होतो. एवढ्या मोठ्या संकटावरचं गाणं आणि चाल इतकी हलकी, चालती! पुष्कळदा ऐकल्यावर उलगडलं. जात्यावर बसलेली बाई मोठं दुःख ओवीत सांगते तेव्हा जातं थांबवत नाही. हात चालूच असतो. मिनीची गिटार तशी चालू आहे.

झेपेलिननं याच गाण्याचा वेग उतरवला आणि त्याला वजन दिलं. सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक काका आहेत. एका संध्याकाळी ते घरी आले असताना मी हे गाणं लावलं. डोळे मिटून त्यांनी चार-पाच आवर्तनं ऐकली आणि विचारलं, “हा गडी देवळात बसून वाजवतोय का काय?”

काकांनी अचूक ओळखलं. देऊळ नव्हे, पण जागा तशीच. इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाची एक जुनी वास्तू आहे, १७९५ साली निराधारांसाठी बांधलेली. तिच्या उंच जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचा ड्रम मांडला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन माइक वरच्या मजल्यावर लावले. एरवी माइक ड्रमच्या अगदी जवळ ठेवतात. त्यानं थाप मिळते, पण घुमारा मिळत नाही. इथे भिंतींवर आपटून वर चढलेला आवाज टिपला गेला. पखवाज खोलीत वाजवा आणि तोच दगडी सभामंडपात वाजवा, फरक तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय नंतर फीत किंचित हळू फिरवली. त्यामुळे स्वर उतरला आणि प्रत्येक ठोका लांबला. वर रॉबर्ट प्लांटचा माउथ ऑर्गन आणि जिमी पेजची तारेवरून घसरत जाणारी गिटार, आपल्या मिंडेची चुलतबहीणच. धरणाचे दरवाजे उघडल्यावर रात्री अंथरुणात जी घरघर ऐकू येते, ती या गाण्यात आहे.

म्हणून मला दोन्ही गाणी लागतात. १९२९च्या गाण्यात माणसं आहेत, १९७१च्या गाण्यात पाणी आहे.

श्रेयाबद्दल मात्र बोललं पाहिजे. तबकडीवर चौघा झेपेलिनकरांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव छापलं, हे चांगलं झालं. ब्लूजचा गीतकार विली डिक्सन याला झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’मधल्या श्रेयासाठी १९८५मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली होती. पण ज्यानं हे गाणं गायलं, त्या जो मॅकॉयचं नाव इथेही नाही. ही चूक आहे, आणि झेपेलिनवर प्रेम करणाऱ्यांनी ती आधी बोलून दाखवली पाहिजे.

तबकडीच्या याच दुसऱ्या बाजूवर ‘फोर स्टिक्स’ही आहे. पाच आणि सहाच्या वजनात अडखळत पळणारं हे गाणं पेज आणि प्लांटनं १९७२मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन पुन्हा मुद्रित केलं. ते २०१५पर्यंत अधिकृतपणे बाहेर आलं नाही. तबल्यावर त्याची चाल खुलते, पण बॉनमचा जोर नसल्यानं ते मला अर्धंच वाटतं. त्याबरोबर मुद्रित झालेलं ‘फ्रेंड्स’ कितीतरी सरस.

या आठवड्यात एवढं करा. आधी १९२९चं गाणं ऐका, मग लगेच १९७१चं, आणि तेही फोनच्या इवल्याशा स्पीकरवर नको. निदान चांगले हेडफोन लावा. पुढच्या भागात मिसिसिपीच्या याच पुरावर चार्ली पॅटननं १९२९मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजू भरून गायलेलं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ ऐकू.