लाँस: गावापेक्षा मोठं स्टेडियम

उत्तर फ्रान्समधल्या लाँसची वस्ती जेमतेम ३२ हजार, आणि बोलार-दलेली स्टेडियमची क्षमता ३८ हजारांच्या घरात! अख्खं गाव फुटबॉल मॅचला आलं तरी खुर्च्या उरतील. १९३३ साली सुरू झालेलं हे मैदान उभारायला खाणकामगारच राबले. उत्तरार्ध सुरू होताना स्टँडमध्ये गायक पिएर बाशलेंचं 'ले कोरों' घुमतं. खाणमजुरांच्या बैठ्या चाळींचं गाणं, लाल-पिवळे स्कार्फ उंचावून. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल! उशिरा पोहोचलात तरी चालेल, पण मध्यंतरानंतर जागेवर असायलाच हवं.

मॅच रात्रीची असेल तर दुपारी बंद खाणीच्या जागेवरचं लूव्र-लाँस संग्रहालय बघा. रेल्वे स्टेशनही निरखा, वाफेच्या इंजिनासारखं बांधलंय. घड्याळाचा मनोरा म्हणजे धुराडं.