रंगाचं मुद्दल

जुनी गाडी बघायला निघालेला मराठी माणूस एकटा जात नाही. सोबत एक जाणकार असतो. मेहुणा, ऑफिसातला मित्र, नाहीतर ओळखीचा मिस्त्री. तो बॉनेट उघडून इंजिनाला कान देतो, ऑइलची काडी बाहेर काढून तेल बोटावर चोळून बघतो, टायरला एक लाथ घालतो, सायलेन्सरच्या मागे उभा राहून धूर पांढरा की निळा हे ठरवतो. मग किमतीची घासाघीस होते आणि पेढे वाटले जातात. या सगळ्या परीक्षेत गाडीच्या ज्या भागानं ऊन-पाऊस सर्वांत जास्त सोसलेला असतो, त्या रंगाबद्दल मात्र एकच वाक्य बोललं जातं : ‘‘रंगाचं काय, नंतर मारून घेऊ!’’

भिंतीला रंग मारतात, तसाच गाडीलाही मारतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कारखान्यात गाडीला रंग मारत नाहीत, चढवतात. कोऱ्या पत्र्याला आधी फॉस्फेटचं स्नान घडतं. मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून त्यातून वीज खेळवतात. त्यामुळे हात पोचणार नाही अशा कानाकोपऱ्यांतही प्रायमर जाऊन बसतो. पुढे दीडशे अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत तो भाजला जातो. त्यावर रंगाचा थर आणि बहुतेक गाड्यांना सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. इतकं सगळं करून एकूण जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक. त्यातला क्लिअर कोट आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ.

आता गंमत बघा. ही भट्टी रस्त्यावरच्या गॅरेजला वापरता येत नाही. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, वायरी, सीटा असतात, त्यांना ती धग सोसणार नाही. म्हणून दुरुस्तीचे रंग वेगळे असतात. ते हार्डनरनं किंवा साठेक अंशांच्या उबेत वाळतात. चांगला कारागीर ते सुंदर लावतो, यात शंका नाही. पण कारखान्यातला मूळ रंग एकदा गेला की कितीही पैसे मोजून तो परत मिळत नाही. तो आहे तोवर जपायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

हे सगळं मला नीट समजलं ते आमच्या घरी आलेल्या एका गाडीमुळे. २०१३ सालची लाल रंगाची छोटी गाडी. कंपनीचं नाव कशाला घ्या? रस्त्यात दर दहा मिनिटांनी एक दिसते, त्यातलीच ती. चिपळूणच्या आमच्या नात्यातल्या एका गुरुजींची. गुरुजी गेले, काकूंना गाडी येत नाही, मुलं परदेशी. तीन वर्षं ती परसातल्या हापूसच्या झाडाखाली उभी होती. आंबा मोहरला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा मधासारखा चिकट स्राव खाली टपकत राहतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. भर म्हणून जांभ्याची लाल धूळ आणि पाखरांची शिट. मूळचा लाल रंग टपावर फिकट गुलाबी झाला होता आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागत होती. ‘‘रोज पुसावीशी वाटते रे,’’ काकू म्हणाल्या, ‘‘पण कंबर वाकत नाही.’’

गाडी पुण्याला आली. आमच्या कन्येनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, मला कॉलेजच्या गेटपर्यंत सोडू नकोस, अलीकडच्या सिग्नलला उतरव.’’ पहिल्या पेंटरनं अंगणात पाऊल टाकताच निकाल दिला, ‘‘पूर्ण गाडी मारून टाकू साहेब, नवरीसारखी दिसेल.’’ आकडा चाळीस हजारांचा होता. दुसरे पेंटर वयानं मोठे. त्यांनी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन दरवाजावर घासलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. ते गुलाबी झालं होतं. ‘‘वर क्लिअर नाही, सरळ रंगच आहे. वरचा मेलाय, खालचा जिवंत आहे. घासला तर वर येईल. मी मारला तर तो माझा रंग होईल, कंपनीचा राहणार नाही.’’ स्वतःचं गिऱ्हाईक असं हातानं परत पाठवणारा माणूस भेटायला भाग्य लागतं.

वरचा रंग मरतो म्हणजे काय होतं? रंगद्रव्याचे कण एका चिवट राळेत धरून ठेवलेले असतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी ही राळ हळूहळू तुटते आणि पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो. त्यावर पडलेला प्रकाश सरळ न परतता विखुरतो, म्हणून रंग धुरकट दिसतो. पॉलिश या शब्दानं आपली फसगत होते ती इथेच. आपल्याला वाटतं, पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणं. खरं तर ते काढून टाकणं असतं. कंपाउंड आणि पॉलिश यांत बारीक, कठीण कण असतात, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. ते मेलेला थर खरवडतात आणि खालचा गुळगुळीत थर उघडा करतात. म्हणजे दर वेळी आपण मुद्दलातूनच खर्च करत असतो. गॅरेजमध्ये दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिशिंग’ करून घेणारा माणूस गाडीचे लाड करत नसतो, ठेव मोडत असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी धुणं. प्रथम भरपूर पाण्यानं नुसती धूळ वाहून जाऊ द्यायची, कारण कोरड्या धुळीवर फिरवलेलं फडकं म्हणजे वॉटर पेपरच. मग दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. धुवायचं वरून खाली, सर्वांत शेवटी चाकं. भांड्यांची किंवा कपड्यांची पावडर नको. ड्रायव्हर मंडळी रॉकेलचं बोट लावून गाडी चमकवतात, तेही नको. ती चमक तेलाची असते, रंगाची नव्हे, आणि तिच्यावर धूळ आणखी चिकटते. रॉकेल फार तर डांबराच्या ठिपक्यापुरतं वापरावं आणि लगेच धुऊन टाकावं. आमच्या गाडीवरचा आंब्याचा चिकटा ओली फडकी पसरून भिजत ठेवल्यावर सुटला. नखानं तो सुटला नसता, रंग मात्र निघाला असता.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवा. स्वच्छ दिसणारा रंगही किरकिर करतो. रेल्वेच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, सिमेंटची धूळ हे सारं त्यात रुतलेलं असतं. त्यासाठी क्ले नावाचा मळलेल्या कणकेसारखा गोळा मिळतो. साबणाच्या पाण्यावरून तो हलक्या हातानं सरकवला की किरकिर थांबते. गोळा जमिनीवर पडला तर मात्र फेकून द्यावा. त्यात अडकलेला एक खडा सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतो.

मग पॉलिश. आधी वीतभर जागेवर, सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन. भागलं तर उत्तम, नाही तरच पुढची पायरी. पत्र्याच्या कडा आणि दुमडी यांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावायची. नुसतं गरगर फिरणारं मशिन शिकाऊ हातात देऊ नये. ते एका जागी क्षणभर जास्त थांबलं तरी रंग तापतो, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तर फारच लवकर, कारण पत्र्यासारखी उष्णता पसरवणं त्याला जमत नाही. फिरता फिरता जागा बदलणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशिन त्या मानानं सुरक्षित. आम्ही पेंटरकाकांच्या देखरेखीखाली दोन रविवार घालवले. दुसऱ्या रविवारी दुपारी टपात वरच्या गुलमोहराच्या फांद्या दिसू लागल्या.

बॉनेटनं मात्र दाद दिली नाही. ते पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवलेलं होतं आणि त्यावरच्या क्लिअर कोटची सालपटं निघत होती. सालपट निघालेल्या जागी पॉलिशचा काही उपयोग नसतो. तिथे तो थर घासून काढून नव्यानंच मारावा लागतो. दरवाजाच्या खालच्या कडेला गंजाचे चार फोडही होते. गंजावर नुसता रंग लावणं म्हणजे जखमेवर पावडर टाकणं. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, प्रायमर देऊन, गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या रंगाच्या नंबराप्रमाणे टचअप केलं. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली होती आणि गंजाचं मूळ तिथेच होतं. पावसाळ्यापूर्वी एक जुना टूथब्रश घेऊन ती मोकळी करणं हा सर्वांत स्वस्त गंजरोधक उपाय. बॉनेट आणि टचअप धरूनही खर्च चाळीस हजारांच्या चौथ्या हिश्शात भागला.

आता राखण. मेणाचा पातळ हात दर दोन-तीन महिन्यांनी पुरेसा होतो. त्यातलं प्रसिद्ध कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतं. सिलिकावर आधारलेलं सिरॅमिक कोटिंग आणखी टिकतं, पण ते चिलखत नव्हे. खालचे ओरखडे ते बुजवत नाही, आहेत तसे सीलबंद करतं. आणि ‘टेफ्लॉन’चं नाव सांगून कोणी दुप्पट पैसे मागितले, तर एवढंच आठवा की तव्यावर टेफ्लॉन धरण्यासाठी तीनशे अंशांहून जास्त उष्णता द्यावी लागते. अंगणात उभ्या असलेल्या गाडीला ती कोण देणार?

बाकी साध्या सवयी. पाखराची शिट दिसली की ओल्या फडक्यानं भिजवून त्याच दिवशी उचलायची. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं धुतलेली गाडी उन्हात वाळू द्यायची नाही, चुन्याचे ठिपके बसतात. धुळीच्या गाडीवर कव्हर घालायचं नाही, ते वाऱ्यानं हलून घासतं. दसऱ्याला हळदीकुंकवाचं बोट काचेवर टेकवलं तरी पूजा पोचते, आणि झेंडूच्या माळेला तार न वापरता दोरा वापरावा. सालाबादची परंपराही राहते आणि रंगही.

मात्र या सगळ्याची एक बाजू मशिननं सुटत नाही. आमच्या सोसायटीत पहाटे पाचला एक मामा गाड्या पुसायला येतात. एक बादली, एक फडकं आणि बावीस गाड्या. पहिल्या गाडीची रेती विसाव्या गाडीवर फिरते. उन्हात बघितलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक चरे दिसतात, त्यांचं हे एक मोठं कारण. मी मामांना दोन बादल्या आणि मऊ फडक्यांचा जोड दिला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्या एका गाडीला दोन बादल्या. बाकीच्या एकवीस गाड्यांचं काय करू? नळ सहाला बंद होतो. आणि कोरडं पुसलं नाही तर लोक म्हणतात, मामा आलेच नाहीत.’’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. महिन्याला चारदोनशे रुपये देऊन आपण रोजची चमक मागतो, आणि ती देण्यासाठी त्यांच्या हातात ठेवतो फक्त एक मळकं फडकं. हा विषय मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडला. हसू झालं, ‘‘आता गाडीच्या फडक्यावर ठराव करायचा का?’’ असंही कोणी विचारलं. तासाभरानं मात्र तीन गोष्टी ठरल्या. नळ साडेसातपर्यंत चालू राहील. रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुणं होईल आणि मामांचा पगार कमी होणार नाही. आणि ज्याची गाडी, त्याचं फडकं.

सगळ्यांनी मानलं असं नाही. पण सकाळी गच्चीत गेलं की दोरीवर चौदा फडकी वाळत असतात आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर मामांनी मार्करनं गाडीचा नंबर लिहिलेला असतो.